सुई हिरव्यातच होती

भोपाळ,
६ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. मालतीवहिनीस,
सप्रेम जय भीम.

तुमचा अर्ज मंजूर झाला आहे. आमच्या प्रशिक्षण केंद्राचे पत्र शाळेच्या पत्त्यावर येईलच, पण ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर किती दिवस पडून राहील सांगता येत नाही, म्हणून वेगळे कळवते. विज्ञान-शिक्षकांसाठीचे हे लहान अनुदान आहे. दिवाळीच्या सुट्टीत भोपाळला प्रशिक्षण, जाण्यायेण्याचा खर्च, राहणे-जेवण, आणि परत गेल्यावर शाळेत तेच उपकरण करून घेण्यापुरते साहित्य. तुमच्या तालुक्यातून तुम्ही एकट्याच आहात. निवड माझ्या हातात नव्हती.

आता मुख्य गोष्ट. उपकरणाचा, म्हणजे मातीतली ओल मोजणाऱ्या पेटीचा, वर्ग मीच घेणार आहे. मी इथे तांत्रिक साहाय्यक आहे, तीही तात्पुरती. उत्तमदादा माझे मावसभाऊ आहेत आणि शाळेची दोन वर्षे मी सौंसरला तुमच्याकडे राहून शिकले, हे केंद्रात कोणाला कळू नये. नात्यातल्या बाईला अनुदान दिले असे कोणी म्हटले तर तुमचे नाव आधी खराब होईल. मला तिथे अलका म्हणू नका. सगळे मॅडम म्हणतात, तेच म्हणा. मी तुम्हाला गजभियेबाई म्हणेन.

प्रत्येकाने आपल्या गावची माती आणायची आहे. मूठभर पुरेल.

दादांना नमस्कार.

आपली,
अलका


सौंसर,
२० नोव्हेंबर १९८६

चि. अलका मॅडम हिस,
अनेक आशीर्वाद.

मॅडम लिहिलं म्हणून रागावू नकोस, दहा दिवसांत जिभेला वळण पडलं आहे. घरी आल्यावर तुझ्या दादाला म्हटलं, "मॅडमनं जेवाले बोलावलं नाही." ते म्हणाले, "मंग तू गेलती कायले? शिकाले का जेवाले?" बरोबर आहे त्यांचं.

तू फळ्यापाशी उभी राहून बोलत होतीस ना, तेव्हा मला वाटे की बाजूच्या बैतूलच्या गुरुजींना कोपर मारून सांगावं, ही आमची आहे, आमच्या ओसरीत बसून एकाच दिव्याखाली आम्ही अभ्यास केला आहे, ती अकरावीचा आणि मी बी.एस्सी.चा. नाही सांगितलं. शेवटच्या दिवशी फोटो काढला तेव्हाही तू त्या टोकाला आणि मी या टोकाला. फोटो आला तर पाठव.

एक तक्रार आहे. मी हात वर करून विचारलं होतं, आमच्याकडे काळी भारी जमीन आहे, वाळली की भेगा पडतात, तिच्यात ओल मोजायला पुरायचा हा प्लास्टरचा ठोकळा चालेल का? तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हा शाळेचा प्रयोग आहे, शेतीचा नाही. पुढचा प्रश्न." सगळे हसले. घरी असतीस तर कान पिळला असता. ते जाऊ दे, पण उत्तर बाकी आहे. मूठभर मातीनं काय कळणार म्हणून मी पांढुर्ण्याच्या गाडीतून पिशवी भरून माती आणली होती, जुन्या लुगड्याच्या कापडाची, गाठ मारलेली. तिच्यासोबत तुझ्या आईनं दिलेला लाडवांचा डबाही चौकीदाराजवळ ठेवला होता. लाडू संपल्याचं त्यानंच सांगितलं. माती कधी संपवतेस?

शाळेत मजा चालली आहे. आगपेटीच्या खोक्यात प्लास्टर ओतून मुलींनी ठोकळे पाडले, प्रत्येकात दोन तारा, त्या पेटीला लावल्या की पेटीवरची सुई ओल दाखवते. तुझा तक्ता हिंदीत होता, तो मी मराठीत करून पेटीवर चिकटवला. हिरवा पट्टा, ओल भरपूर. पिवळा, मध्यम. लाल, पाणी द्या. शाळेच्या आवारातल्या लिंबाजवळ ठोकळा पुरला तर पोरी मधल्या सुट्टीत सुई पाहायला रांग लावतात.

आणि मोहगावचे भगवंतराव, आमच्या तिथल्या शाळेला लागून त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, ते कुंपणावरून रोज बघत होते. काल म्हणाले, "बाई, ह्या पेटीले आमच्या झाडाखालचं दिसते का?" मी म्हटलं, दिसतं. ते म्हणाले, "मंग लावून पाहा ना. मले ताण द्याचा हाय."

त्या मातीचं तेवढं बघ.

तुझी,
मालतीवहिनी


भोपाळ,
४ डिसेंबर १९८६

ती. सौ. मालतीवहिनीस,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळाले. वर्गात तुम्हाला दिलेल्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. वेळ कमी होता, आणि तुमच्या प्रश्नावर जास्त थांबले असते तर कोणाच्या तरी लक्षात आले असते.

तुमची पिशवी प्रयोगशाळेच्या फळीवर आहे. सध्या पहिल्या तुकडीचा अहवाल लिहिणे चालू आहे. तो झाल्यावर बघते. तोपर्यंत काळजीचे कारण नाही. तक्ता तपासलेला आहे. उपकरण नीट बसवले असेल तर सुई चुकीचे दाखवत नाही. ठोकळा घट्ट पुरा, तारा पेटीला क्षणभरच लावा, सेल उतरला असेल तर बदला.

भगवंतरावांची गोष्ट मी साहेबांना सांगितली (शाळेचे नाव सांगितले, तुमचे नाही). त्यांना फार आवडली. शिक्षकाला दिलेल्या एवढ्याशा मदतीतून एखाद्या शेतकऱ्यापर्यंत काही पोचले, असे उदाहरण त्यांना हवेच होते. पुढच्या तुकडीची मंजुरी या अहवालावर अवलंबून आहे. म्हणून विनंती, भगवंतरावांनी ताण कसा दिला ते थोडक्यात लिहून पाठवा आणि पेटीसह त्यांचा एक फोटो. ताण म्हणजे काय तेही लिहा. साहेब आपल्या भागातले नाहीत.

आपली,
अलका


सौंसर,
१२ जानेवारी १९८७

चि. अलका,
अनेक आशीर्वाद.

फोटो सोबत आहे. भगवंतरावांनी त्यासाठी नवं पागोटं बांधलं आणि पेटी अशी धरली आहे जशी नातवाला धरतात.

तुझ्या साहेबांसाठी लिहिते. संत्र्याला फुलावर आणायचं तर त्याआधी त्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग नेमक्या वेळी पाणी दिलं की सगळीकडून फूल फुटतं. हाच ताण. लवकर तोडला तर फूल कमी, आणि फार लांबला तर झाडच जातं. जो तो आपल्या नजरेनं ठरवतो. भगवंतरावांनी या वर्षी पेटीनं ठरवायचं असं केलं आहे. सुई लाल पट्ट्यात आली की पाणी.

पण अलका, सुई लालमध्ये येत नाही. हिरव्यातच आहे. कधी पिवळ्याच्या काठाला जाते आणि तिथेच बसते. झाडं मात्र मला बरी दिसत नाहीत. काल मी तिथे होते तेव्हा त्यांची बायको देवकाबाई पान तोडून घेऊन आल्या.

"पाहा जी, कशी सुरळी होऊन राहिली पानाची. सोडा पानी."

"सुई म्हणून राहिली थांब, तं थांबाचं."

"सुईच्या बापानं लावला होता का हा बगीचा?"

"तुले काय समजते? भोपाळच्या मॅडमनं इतकी शिकून तक्ता बनवला. बाईनं सुट्टीत घर सोडून जाऊन शिकला. थ्या दोघी चुकल्या आन् तू एकटी बरोबर?"

देवकाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, झाडाले तोंड असतं ना, तं तुमच्या पेटीले शिव्या देल्ल्या असत्या." मी हसले.

भगवंतरावांना स्वतःलाही दिसतं आहे गं. माझ्यासमोर तीनदा झाडाकडे बघितलं आणि तीनदा पेटीकडे. मागच्या पिढीत त्यांच्या बगीच्यात आमच्यापैकी कोणी गेलं तर नुसतं काम करायलाच जात असे. आज ते मला खुर्ची टाकतात आणि माझ्या पेटीचं ऐकतात. मान दिला आहे, तो मोडायचा कसा, असं त्यांचंही झालं असेल आणि माझंही.

तू सांग, ताण तोडून पाणी सोडायला सांगू का? पत्राला वेळ लागेल. तार कर.

मालतीवहिनी


भोपाळ,
१९ जानेवारी १९८७

ती. सौ. मालतीवहिनीस,
सप्रेम जय भीम.

तुमचे पत्र काल मिळाले. तारेत एवढे मावणार नाही म्हणून पत्रच लिहिते.

सुई हिरव्यात आहे याचा अर्थ ठोकळ्याभोवती ओल आहे. पाने थंडीनेही मलूल होतात. डोळ्याचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून तर उपकरण वापरायचे. भगवंतराव बरोबर करत आहेत. मधेच पाणी दिले तर या प्रयोगातून काहीच सिद्ध होणार नाही.

सेल तपासून बघा.

फोटो अहवालात लावला. चांगला आला आहे.

आपली,
अलका


भोपाळ,
२० फेब्रुवारी १९८७

ती. सौ. मालतीवहिनीस,
सप्रेम जय भीम.

महिना झाला, तुमचे पत्र नाही. अहवाल मंजूर झाला. उन्हाळ्यात दुसरी तुकडी आहे, या वेळी बरीच मोठी, आणि तक्ता जाड कार्डावर छापून घेणार आहेत. माझ्या नोकरीचा कागदही वर गेला आहे.

बगीचा आता फुलावर असेल. साहेबांना फुलोऱ्याचा फोटो हवा आहे. जमल्यास पाठवावा.

तुमची माती अजून बघायची राहिली आहे. विसरलेले नाही.

आपली,
अलका


पांढुर्णा,
१ मार्च १९८७

चि. अलका हिस आईचा आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या स्मिताच्या हातानं लिहून राहिली. तिले म्हटलं, जसं बोलते तसंच लिही बाई, सुधरवू नोको.

मी सौंसरले गेलती. उत्तमच्या घरी दोन दिवस राहिली. मालती तुले लिहीन असं मले वाटत नाही, म्हणून मी सांगते.

मोहगावच्या भगवंतरावच्या बगीच्याचा पाला झडला. थो फूल याच्या आधी झडते तेवढा पाला नाही, सगळाच. खालच्या अंगाची झाडं उभीच्या उभी वाळली. मंग त्यानं घाबरून पानी सोडलं, पन वेळ निघून गेलती. जे वाचली त्याले फूल नाही. गावात लोक बोलून राहिले का मास्तरीणबाईच्या पेटीनं बगीचा खाल्ला. कोनी म्हणते, यायच्या हातची पेटी लावाचीच कायले होती. तुले समजलं असन कोन काय म्हणत असन.

हेडमास्तरनं मालतीजवळून विज्ञानाच्या कपाटाची किल्ली घेतली. आता थे पोरीयले शिवणकाम शिकवते. बी.एस्सी. झालेली बाई.

भगवंतराव शाळेत आलता. भांडला नाही म्हणते. एवढंच इचारलं, "बाई, पेटी चुकली का तुमी चुकल्या?" तर मालतीनं सांगतलं, "पेटी बरोबर होती जी, म्याच पुरतानी चूक केली." उत्तमनं मले हे सांगतलं. मी तिले म्हटलं, पोरी, अलकाले इचारलं नाही का तू? तर म्हणे, "मामी, तिचं नाव मधात आनाचं नाही. तिथं तिले कोनी आमची म्हणून ओळखत नाही, थेच बरं हाय."

हे काय हाय? तू तिले काय सांगून ठेवलं हाय? मी अनपढ हाव, मले मीटर समजत नाही. पन एवढं समजते का ज्या घरी तू दोन वर्स भाकर खाल्ली त्या घरची बाई तुह्यासाठी खोटं बोलली.

तब्येतीले जप.

तुही आई,
शांताबाई

(अलकाताई, मी काहीच सुधारलं नाही. मामीच्या जागी मावशी पाहिजे होतं असं मला वाटलं, पण काकू म्हणाल्या मालतीवहिनी त्यांना मामीच म्हणतात. स्मिता)


भोपाळ,
६ मार्च १९८७

ती. सौ. मालतीवहिनीस,
सप्रेम जय भीम.

आईचे पत्र आले. मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. ठोकळा तुम्ही झाडापासून किती अंतरावर आणि किती खोल पुरला होता? आणि मुख्याध्यापकांनी किल्ली घेतली हे खरे आहे का?

अलका


सौंसर,
१४ मार्च १९८७

चि. अलका,
अनेक आशीर्वाद.

मामींनी उगाच तुला काळजीत टाकलं. एवढं काही झालेलं नाही. ठोकळा तू शिकवलास तसाच पुरला होता, हातभर खोल, पाल्याच्या सावलीच्या कडेला. घट्ट दाबूनही. पण माझा हात कुठे तरी हलका पडला असेल.

किल्लीचं म्हणशील तर वर्ष संपत आलं आहे, कपाटाची मोजदाद व्हायचीच होती. मी सध्या सातवीच्या मुलींना शिवणकाम शिकवते. बदल म्हणून बरं वाटतं. काजं करताना मुली विचारतात, "बाई, आपली सुई कुठं गेली?" मी म्हणते, ही काय हातात.

बगीच्याकडच्या पुढच्या फाटकातून न जाता मी आता मागच्या रस्त्यानं जाते. तो जवळही पडतो.

तुझं कायम होण्याचं कळव. तुझ्या दादाने पेढ्यांचं बोलून ठेवलं आहे.

तुझी,
मालतीवहिनी


भोपाळ,
८ एप्रिल १९८७

ती. सौ. मालतीवहिनीस,
सप्रेम जय भीम.

मागचा रस्ता जवळ पडत नाही. सौंसरची बस शाळेच्या फाटकासमोरच थांबते. मला माहीत आहे.

तुमच्या पिशवीची गाठ मी मार्चमध्ये सोडली. तुम्ही ती इतकी घट्ट मारली होती की सुटेना, पण कापड कापावेसे वाटले नाही. दोन कुंड्या घेतल्या. एकीत तुमची माती, दुसरीत केंद्राच्या बागेतली. दोन्हींत एकाच साच्यातले ठोकळे पुरले, सारखे पाणी दिले आणि दोन्ही कुंड्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. रोज सुई बघत होते.

बागेतली माती वाळत गेली तशी सुई पिवळ्यातून लालमध्ये आली. तक्त्याप्रमाणे. ते होणारच होते, कारण तक्ता त्याच मातीवर केलेला आहे. फक्त त्याच.

तुमची माती वाळली तशी आकसली. आधी कुंडीच्या कडेपासून सुटली. नंतर ठोकळ्यापासून. वरून काही दिसत नव्हते, म्हणून मी एका बाजूने माती काढत गेले. ठोकळ्याभोवती फट होती. टेबलावर पोस्टकार्ड होते, ते त्या फटीत घातले तर उभे राहिले. माती ठोकळ्याला शिवतच नव्हती. ती विटेसारखी कोरडी झाली होती आणि ठोकळा स्वतःची ओल धरून बसला होता. सुई हिरव्यातच होती. ती मातीची ओल दाखवत नव्हती, ठोकळ्याची दाखवत होती.

तुमचा हात हलका पडला नव्हता. कितीही घट्ट पुरला असता तरी हेच झाले असते.

तुम्ही वर्गात विचारलेला प्रश्न बरोबर हाच होता. त्याचे उत्तर मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत नाही एवढे दोन शब्द म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत, कारण विचारणाऱ्या तुम्ही होता आणि मला तुमच्याकडे बघायचे नव्हते. बैतूलच्या गुरुजींनी तेच विचारले असते तर मी थांबले असते, माती मागून घेतली असती. मी हे बरेच तपासून बघितले आहे आणि यात दुसरे कारण सापडत नाही.

डिसेंबरमध्ये मी लिहिले, तक्ता तपासलेला आहे. ते वाक्य खोटे नाही. जानेवारीत तुम्ही तार करायला सांगितले. 'पाणी सोडा' हे दोन शब्द तारेत मावले असते.

पुढच्या तुकडीची कार्डे छापायला जायची आहेत. काय करायचे ते मी ठरवलेले नाही. ठरवले आहे असे लिहिणे सोपे होते.

अलका


सौंसर,
१६ एप्रिल १९८७

चि. अलका,
अनेक आशीर्वाद.

परवा जयंती झाली. मिरवणुकीत पोरींनी पांढरी लुगडी नेसली होती. मी भाषण केलं नाही या वर्षी, घसा बसला होता.

तुझं पत्र तीनदा वाचलं. फटीत कार्ड उभं राहिलं ते वाचून मला आधी आनंद झाला, खरं सांगते. वाटलं, अरे, मी बरोबर होते तर! मग लाज वाटली, कारण भगवंतरावांची वाळलेली झाडं तिथे उभी आहेत आणि मला कसला आनंद.

आता ऐक. तू मोठी आहेस, शिकलेली आहेस, पण वहिनी मी आहे. तक्ता बदलायचा तर गुपचूप बदल. दोन ओळी वाढव की काळ्या जमिनीसाठी नाही. कोणी विचारणार नाही. भगवंतरावांचं नाव काढू नकोस, माझं काढू नकोस. मोहगावला जे व्हायचं ते झालं. मी चुकले असं एकदा म्हटलं आहे, आता ते परत कसं घेऊ? आपल्या घरात तू पहिली इंजिनीअर. तुझं कायम होऊ दे. शिवणकामाचा मला कंटाळा नाही.

मालतीवहिनी


(पोस्टकार्ड)

भोपाळ,
२७ एप्रिल १९८७

सौ. मालती गजभिये, विज्ञान शिक्षिका,
मिडल स्कूल, मोहगाव, ता. सौंसर.

ती. वहिनी, जय भीम. हे कार्ड मुद्दाम उघडे, शाळेच्या पत्त्यावर पाठवत आहे. वाटेत ज्याला वाचायचे असेल त्याने वाचावे.

श्री. भगवंतराव यांच्या बगीच्यात लावलेले उपकरण तुम्ही बरोबर पुरले होते. तक्ता चुकीचा होता. तो मी केला होता आणि काळ्या जमिनीत तपासला नव्हता. तुम्ही प्रशिक्षणात हा प्रश्न विचारला होता. उत्तर दिले नाही ते मी. ताण तोडू नये असे जानेवारीत लिहिले तेही मी. केंद्राला हे लेखी दिले आहे. कार्डांची छपाई थांबली आहे, आणि माझ्या नोकरीचा कागदही. तो परत आला आहे.

कार्डाच्या एका कडेला काळा डाग आहे, तो तुमच्या मातीचा. पुसला नाही.

तुमची नणंद,
अलका


सौंसर,
५ मे १९८७

चि. अलका,

कार्ड मिळालं. पण ते शाळेत पोचलं नाही. पोस्टमन रामाजी मागच्या रस्त्यावरच भेटला, डोळे मोठे करून म्हणाला, "बाई, हे मॅडम तुमची नणंद होय? मी काही वाचलं नाही जी." मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि पिशवीत टाकलं. त्याला शपथ घातली. आता तो ती शपथ घरोघर सांगत फिरत असेल, ते वेगळं.

तुला वाटेल, ही बाई अजून मला झाकते आहे. तसं नाही. पहिल्या रात्री तसं होतं. मग दोन दिवस ते कार्ड समोर ठेवून विचार केला आणि मला तुझा राग आला. इतके महिने आला नव्हता तो सगळा मिळून आला. तू किती नीट लिहिलं आहेस गं. प्रत्येक वाक्य खरं. पण हे कार्ड मी भगवंतरावांच्या हातात दिलं तर वाचून झाल्यावर ते मान वर करून कोणाकडे बघतील? समोर मीच असणार. तू तिथे फळ्याशी आणि मी इथे त्यांच्यासमोर, पुन्हा तसंच. कार्ड पाठवून माणूस येत नाही.

काल मी पुढच्या फाटकानं गेले. भगवंतराव बगीच्यात होते. वाळक्या फांद्यांची सल अजून काढलेली नाही, सगळी तशीच झाडांवर. मी विचारलं, मृग तोंडावर आला, अजून कैची नाही लावली? ते म्हणाले, "हात होत नाही बाई. आन् कापून टाकल्यावर कोनाले काय दिसन? भोपाळच्या मॅडमले एकदा दाखवाचं होतं. तिनं पेटी बनवली, तिनं हे पाह्यलं पाहिजे." रागानं नाही म्हणाले. मुलाचं प्रगतिपत्रक बापाला दाखवायचं असतं ना, तशा आवाजात. देवकाबाई धुऱ्याच्या बांधावरून ओरडल्या, "थे मॅडम येईन तं चहा मी नाही करनार, सांगून ठेवा!"

मी त्यांना म्हटलं, येईल.

तर ये. नागपूरची बस घेऊ नकोस, पांढुर्ण्याला उतर, आईला भेट, तिलाही काही बोलायचं आहे. मग इकडे. पेटी आणू नकोस. माझी पिशवी रिकामी झाली असेल तर घडी करून आण, ते लुगडं माझ्या आईचं होतं.

बगीच्यात मी तुझ्याबरोबर येईन. फाटकापर्यंत नाही, आत, झाडांपर्यंत. पण तू कोण आहेस आणि कोणाची आहेस, ते मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस.

मालतीवहिनी